हव म्हणणारी गाडी

आयुष भोयरनं गाडी खाली बसवली तेव्हा सावरखेडीत कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शेजारची लालीबाई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, चढाले सोपी झाली."

गाडी पांढरी, छोटी, आठ वर्षं वापरलेली. आयुष राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला. त्यानं ती हिंगणघाटच्या डॉक्टरकडून घेतली होती. डॉक्टरनं इतकी जपलेली की सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. पण आयुषला तिच्यात एक खोट दिसायची. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटं रिकामी जागा होती. मोबाइलवर तो ज्या गाड्या पाहायचा त्या कशा जमिनीला पोट लावून, दबा धरलेल्या मांजरीसारख्या बसलेल्या. आपली मात्र धोतर वर खोचून नाल्यात उतरलेल्या माणसासारखी. हे त्याच्या मनाला लागलं. दोन महिने विचार करून त्यानं गाडी खाली करायच्या चार लाल, बुटक्या स्प्रिंगा कुरिअरनं मागवल्या आणि बसस्टँडमागं गॅरेज असलेल्या बादल राठोडकडं नेऊन ठेवल्या.

बादलनं एक स्प्रिंग उचलली, दोन्ही तळव्यांत धरून दाबून पाहिली. दबली नाही.

"स्प्रिंगा आणल्या. अन् शॉकअप?"

"शॉकअप हायेत ना गाडीत."

"थे लंब्या, नरम स्प्रिंगचे हायेत. हे बुटकी हाये अन् कडक हाये. हिच्यासंगं शॉकअपही बुटके अन् कडक लागतात. स्प्रिंगचं काम काय? दाबलं का उसळाचं. तिले धरून आवराचं काम शॉकअपचं. तू पहेलवान बदलला अन् त्याले धरणारा म्हातारा थोच ठेवला."

"पुढच्या महिन्यात टाकू ना, बादलभाऊ."

"पुढच्या महिन्यात म्हणणारे लय पाह्यले म्या," बादल म्हणाला. पण गिऱ्हाईक डोळ्यांत पाणी आणून लाल स्प्रिंगांकडं पाहत होतं. त्यानं जॅक लावला.

संध्याकाळच्या आत गाडी खाली आली. चार बोटांची दोन बोटं झाली. आयुषनं गाडीभोवती सात चकरा मारल्या आणि आनंदात गावाकडं निघाला.

सावरखेडीच्या शाळेपुढं गावकऱ्यांनी श्रमदानातून घातलेला एक ब्रेकर आहे. त्याला ब्रेकर म्हणण्यापेक्षा शेताचा धुरा, मातीचा उंच बांध, म्हणणं बरं. गाडी त्याच्यावर पोट घासत चढली, पलीकडं धपकन उतरली आणि तिचं नाक खालीवर हलायला लागलं. आयुषनं लिंबाखाली पारापाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. नाक हलतच होतं. खाली, वर. खाली, वर. एखादा समजूतदार माणूस मान डोलावतो तसं.

पारापाशी आयुषची आत्या शकुबाई पिशवी घेऊन एसटीची वाट पाहत उभी होती. तिनं खिडकीत वाकून विचारलं, "राळेगावले चालला काय रे?"

आयुष राळेगावहूनच आला होता, आणि त्याला भूक लागली होती. तो तोंड उघडणार तेवढ्यात शकुबाईनं गाडीकडं पाहिलं. गाडी मान हलवत होती.

"हव म्हणते," असं बोलून ती दार उघडून आत बसली. "माणसापरीस गाडी बरी. विचारल्याबरोबर हव म्हणते."

आता आत्या बसल्यावर तिला उतर कोण म्हणणार? आयुष तिला घेऊन गेला. वाटेत तिचं डोकं तीनदा छताला लागलं. पण परत आल्यावर तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. तिनं गावभर एवढंच सांगितलं, की रामरावच्या पोराची गाडी हव म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पडताळा आला. प्रफुल्ल ठोंबरे आणि नयन कोल्हे यांच्या वावरांच्या मधल्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. ती कोणाची, यावरून दोघं अकरा वर्षं भांडत होते. भांडण नेहमी पारापाशीच व्हायचं, कारण तिथं माणसं असत. त्या दिवशी मध्ये आयुषची गाडी उभी होती. प्रफुल्लनं बॉनेटवर हात आपटला. "बाभूय माही हाये का नाही?"

गाडीनं मान हलवली. हव.

माणसं हसली. नयननं त्याच्याहून जोरात हात आपटला. "अन् माही नाही काय?"

गाडीनं त्याच्याकडंही मान हलवली. हव. चांगली वीस-बावीस वेळा.

अकरा वर्षांत तलाठ्यानं, पोलीस पाटलानं, दोघांच्या सासऱ्यांनी कोणा ना कोणाला तरी नाही म्हटलं होतं. दोघांनाही हव म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. दोघंही जिंकले म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? दुपारी त्यांनी मिळून बाभूळ तोडली. दोघांनी आपापली पूर्ण बाभूळ घरी नेली असं दोघंही सांगतात.

तिथून पुढं आयुषला आपली गाडी मिळेनाशी झाली.

पहाटे तो कामाला निघायचा तर गाडीपुढं आधीच आठ-दहा माणसं. शकुबाईनं कारभार हाती घेतला होता. तिनं नेम लावून दिले: चपला काढून यायचं, दोन्ही हातांनी बॉनेट तीनदा दाबायचं, गाडी हलते तोवर प्रश्न विचारून मोकळं व्हायचं. एका माणसाला एक प्रश्न. जास्त दाबायचं नाही, ती दमते. नंबर वहीत लिहिलेले.

"आत्या, मले ड्यूटीवर जाचं हाये."

"मंग जा ना बाप्पा. एसटी हाये ना. तिले कायले नेतं? तिचीही अठी ड्यूटीच सुरू हाये."

आयुष मुकाट्यानं एसटीनं जाऊ लागला. कंडक्टर त्याला विचारी, "गाडी घेतली होती ना तुम्ही?" तो म्हणे, "हाये. बिझी असते."

आणि लोक विचारायचे तरी काय? मनात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं, ज्याला घरात कोणी हव म्हणणार नाही, नेमकं ते. शाळेतल्या गुरुजींनी विचारलं, मिशी काढू का? तीस वर्षांची मिशी होती. दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले तर एकही पोरगं उभं राहिलं नाही, कारण कोणी ओळखलंच नाही. लालीबाईनं विचारलं, चूल बंद ठेवून पंधरा दिवस पोरीकडं पुसदला जाऊ का? जाऊन बसली. तिचा नवरा उपाशीपोटी गाडीकडं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वापस येईन ना थे?" गाडीनं मान हलवली. त्याचं समाधान झालं आणि तो पारावर बसून केळी खाऊ लागला.

खरा घोळ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत झाला. नऊ जागा होत्या. उभा राहू का, असं ज्यानं विचारलं त्याला गाडीनं हव म्हटलं. एकसष्ट अर्ज गेले. तीन नंबरच्या वॉर्डात उमेदवारांनी आपापल्या घरच्यांनाही उभं केलं होतं. तिथं मतं मागायला निघालेल्या माणसाला दार उघडायचं ते दुसऱ्या उमेदवारानंच. दोघं एकमेकांना पत्रकं देऊन, नमस्कार करून पुढं जायचे.

गावात एकच माणूस नाराज होता. आयुषचे वडील, रामराव.

रामरावांचा पहिला शब्द कायम 'नाही' असायचा. पाणी पाहिजे का? नाही. पाऊस येईल का? नाही. बरं आहे का? नाही. दुसरं वाक्य ऐकायला कोणी थांबायचंच नाही. गाडीला ते नाही म्हणाले होते, स्प्रिंगांना तर दोनदा नाही म्हणाले होते. तरी आजवर माणसं सल्ल्याला त्यांच्याकडं यायची, कारण एखादी गोष्ट करायचीच नसेल तर रामरावांना विचारून यावं, म्हणजे बायकोला सांगायला तोंड राहतं. आता ओसरीवर कोणी फिरकेना. आठ दिवस त्यांनी हे सोसलं. नवव्या दिवशी चपला न काढताच ते रांगेत घुसले, बॉनेट दाबलं आणि सगळ्या गावादेखत गाडीला विचारलं,

"तू खोटं बोलतं काय?"

गाडीनं मान हलवली. हव.

"पाहा!" रामराव गर्जले. "सोताच कबूल करून राह्यली!"

माणसं गोंधळली. शकुबाई मात्र भावाची बहीण होती. ती पुढं आली, बॉनेटवरचे भावाच्या हातांचे ठसे पदरानं पुसले आणि म्हणाली, "पाह्यलं का बाप्पा किती खरी हाये! आपन खोटं बोलतो, हेही खरंच सांगते. मानसात हाये का कोनी असं?"

सगळ्यांना ते पटलं. फक्त गुरुजींना काहीतरी खटकलं. ते शाळेत गेले, खडू घेऊन फळ्यावर मांडायला बसले: गाडी खोटं बोलते असं गाडी म्हणते, म्हणजे ती खरं बोलते, म्हणजे खोटं बोलते. अर्ध्या तासानं त्यांनी फळा पुसला आणि पोरांना मैदानावर सोडून दिलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण रविवारी शकुबाईला डोळे दाखवायला राळेगावला जायचं होतं, आणि रविवारी गाडीला सुट्टी होती. आयुष तिला घेऊन निघाला. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी उंच तूर, कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडं चाललेल्या. रस्ता रिकामा दिसला आणि आयुषनं थोडा वेग दिला. साठ असेल.

नाल्यावरच्या रपट्याआधी, म्हणजे पुराचं पाणी वरून जाणाऱ्या बुटक्या पुलाआधी, रस्ता खचला आहे. एरवी तिथं पोटात नुसता गोळा येतो. त्या दिवशी गाडी आत बसली ती खाली जाऊन कशावर तरी आदळली, धाडकन, आणि लाल स्प्रिंगांनी तिला वर फेकलं. ती खाली आली, पुन्हा आदळली आणि पहिल्यापेक्षा उंच उडाली. तिसऱ्या उडीला आयुषनं स्टिअरिंग फिरवलं तर ते त्याच्या हातात असं हलकं फिरलं, जसं कशालाच जोडलेलं नाही. समोरून कापसाची ट्रॉली येत होती. ट्रॅक्टरवाल्याचं उघडं तोंड आणि त्या तोंडातला एक सोन्याचा दात आयुषला स्पष्ट दिसला. मग चाकं कुठंतरी टेकली, गाडी डावीकडं वळली, कड उतरून तुरीत शिरली आणि तूर झोपवत झोपवत वीस-पंचवीस हात जाऊन थांबली.

थांबली म्हणजे पुढं जायची थांबली. मान हलतच होती.

ट्रॅक्टरवाला धावत आला. काचेतून कोणी हलताना दिसेना. तो ओरडला, "जिते हा का बे?"

गाडीनं मान हलवली.

"मंग बोला ना!"

आयुष स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरूनच बसला होता. शकुबाईनं डोळे मिटून पिशवी छातीशी धरली होती. मग तिनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "आलं का राळेगाव?"

दोघांना खरचटलंही नव्हतं. पण आयुषचे हात थांबेनात. त्यानं ते मांड्यांखाली दाबून धरले. सोन्याचा दात डोळ्यांपुढून जाईना. मी ही गाडी छान दिसावी म्हणून खाली केली, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं. नुसतं दिसावं म्हणून.

वीसच्या वेगानं त्यानं गाडी कशीबशी राळेगावला नेली, आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं सोडलं आणि बादलकडं गेला. बादलनं जॅक लावला, चाक लटकवलं आणि आयुषला खाली वाकायला लावलं. लाल स्प्रिंग आपल्या वाटीत सैल झाली होती, बोटानं गोल फिरत होती. शॉकअप ओला चिंब.

"तुह्या गाडीले देवपण आलं म्हंतात," बादल म्हणाला. "हे पाह्य, देवाच्या पायातून तेल गळून राह्यलं. लंबा शॉकअप बुटक्या स्प्रिंगीत अर्धा दबूनच बसला. थोडा धक्का बसला का बुडाले जाऊन ठोकते. रबराचा गुटका होता, थो पिसून गेला. अन् वर उसळतानी तिले धराले याच्यात जीवच नाही उरला. गाडी मान हलवते म्हंतात लोक! थे मान नोहे. थे आवरून नाही राह्यली सोताले."

आयुषनं ती सैल स्प्रिंग पुन्हा एकदा बोटानं फिरवून पाहिली.

"याच स्प्रिंगीच्या जोडीचे बुटके, कडक शॉकअप मिळतात. नागपूरहून चार दिवसांत येतील. नाही त जुन्या स्प्रिंगा लावून देतो. दोन्हीपैकी एक कर, पण हे अर्धवट ठेवू नोको."

आयुषनं नागपूरला सांगायला सांगितलं. आत्याला घेऊन, बैलगाडीच्या पुढं न जाता, तो गावात परतला आणि चार दिवसांनी गाडी नीट करणार असल्याचं त्यानं सरळ सांगून टाकलं.

त्याची चूक झाली ती इथं.

पाचव्या दिवशी सकाळी तो किल्ली घेऊन पाराकडं गेला तर गाडीपुढं एक बैलगाडी आडवी लावलेली, मागं शाळेची दोन बाकं, आणि बाजूला अख्खं गाव. ग्रामसभा बोलावली होती. विषय एकच, गाडीला नवीन शॉकअप टाकू नये. एकसष्टच्या एकसष्ट उमेदवारांनी पाठिंबा दिला होता. निवडणुकीत हे पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं.

"अरे, गाडी माही हाये!" आयुष म्हणाला.

"पोरगी बी आपलीच असते," शकुबाई म्हणाली. "म्हून तिले न विचारता काही करते का मानूस?"

"आत्या, तू होती ना गाडीत? मेलो असतो आपन."

"मेलो का पन? थ्या ट्रॅक्टरवाल्यानं इचारलं जिते हा का, अन् हिनं हव म्हटलं. हिनंच वाचवलं."

आयुषनं सगळ्यांकडं पाहिलं. समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मग त्याला एक सुचलं. त्यानं चपला काढल्या, गाडीपुढं गेला, दोन्ही हातांनी बॉनेट तीनदा दाबलं आणि मोठ्यानं विचारलं, "तुले नवीन शॉकअप टाकू काय?"

गाडीनं मान हलवली. हव, हव, हव.

सभेत चुळबुळ झाली. गाडीच हव म्हणते म्हटल्यावर कोणी काय बोलणार? कोणीतरी बैलगाडीचं जू उचलायला वाकलंसुद्धा. तेवढ्यात शकुबाई चपला भिरकावून पुढं आली. "थांबा!" तिनं बॉनेट दाबलं. "माये, जुनेच राहू देऊ काय वं?"

हव, हव, हव.

आता मात्र कोणालाच काही सुचेना. टाकायचे की नाही टाकायचे? दोन्हीला हव. महिनाभर सावरखेडीत कोणी कशाला नाही म्हटलं नव्हतं. पोरांना आया नाही म्हणत नव्हत्या, दुकानदार उधारीला नाही म्हणत नव्हता. ते कसं म्हणतात हेच जणू सगळे विसरले होते. लिंबाचा पाला पडल्याचा आवाज येत होता.

"नाही," गर्दीच्या मागून रामराव म्हणाले.

सवयीनं सगळे दुसरीकडं पाहायला लागले. पण रामराव वाट काढत पुढं आले. गाडीच्या नाकाशी वाकून त्यांनी जाळीत अडकलेलं तुरीचं एक वाळकं धाट ओढून काढलं आणि हातात धरून उभे राहिले.

"हे गाडी अशी राहनार नाही," ते म्हणाले. "माहा पोट्टा बसते हिच्यात. चार दिवस झाले, त्याच्या हातातून पान्याचा गिलास सांडते. तुमाले नसन दिसलं. मले दिसलं."

आयुषनं आपले हात खिशात घातले. वडील आपल्या हातांकडं पाहतात, हे त्याला माहीत नव्हतं.

रामरावांनी धाट फेकलं, स्वतःच बैलगाडी बाजूला ओढली, पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चाल." शकुबाई आडवी आली नाही. उलट तिनं मागचं दार उघडून, कोणाचा तरी राहिलेला नारळ सीटवर ठेवला. "टूलबाक्सावर फोडा म्हना बादलले," एवढंच ती बोलली.

बादलनं दुपारपर्यंत चारही शॉकअप बदलले. बुटके, जाड, काळे. नारळ फोडला. मग तो बॉनेटवर अख्खा बसून उठला. गाडी खाली गेली, वर आली आणि जागच्या जागी थांबली. "आता झाली जोडी," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर आयुषनं रपट्याआधी श्वास रोखला. गाडी खड्ड्यात बसली, निघाली. पोटात नुसता गोळा आला. रामरावांनी सीटचं प्लास्टिक मुठीत धरलं होतं. ते त्यांनी सोडलं.

गावात लोकांनी बॉनेट दाबून पाहिलं. एकदा खाली, एकदा वर, बस. प्रफुल्लचं म्हणणं पडलं की हे अर्धं हव झालं. नयनच्या मते हे 'पाहू' होतं. दोघं त्यावरून भांडायला लागले आणि गावाला जरा बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत पार रिकामा झाला. उमेदवारांतले त्रेचाळीस जण अर्ज मागं घ्यायला गेले. लालीबाई पुसदहून आली. गुरुजींची मिशी मात्र यायला वेळ लागणार होता.

सगळं निवळलं असं वाटत असतानाच दोन दिवसांनी सकाळी एक म्हातारा आयुषच्या दारात उभा राहिला. डोक्याला लाल पटका, हातात काठी, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. फकिरा चव्हाण, पलीकडच्या तांड्यावरचा. पायीच आला होता.

"वहीत माहा नंबर आजचा हाये," तो म्हणाला. "गाडी कुठं हाये?"

"बाबाजी, गाडी आता बोलत नाही. दुरुस्त झाली."

फकिरा ओसरीच्या पायरीवर बसला. आयुषनं पाणी दिलं आणि विचारलं, "काय विचाराचं होतं?"

"माहा भाऊ हाये, थावरा. पैनगंगेच्या तिकडं, आदिलाबादच्या वाटेवर तांडा हाये त्याचा. एकोनीस वर्सं झाली, बोलणं नाही." फकिरानं काठी आडवी ठेवली. "बाजारात मी बैल विकून राह्यलो होतो. सौदा ठरला. अन् हा गिऱ्हाइकासमोर म्हणे, भिया, तुहा बैल काना हाये. माहा सख्खा भाऊ! गिऱ्हाईक गेला त गेला, पन दुसऱ्या दिवशी वापस येऊन थोच बैल घेऊन गेला, भाव कमी करून. आता थावरा बिमार हाये म्हणून आयकलं. मले जाचं हाये. पन मले पयले इचाराचं होतं गाडीले, का बैल काना नोहता ना? थे हव म्हनली असती त म्या गेलो असतो."

बैल आयुषनं पाहिला नव्हता. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. हव म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर म्हातारा तसाच धुळीत परत जाणार.

"चाला," तो म्हणाला. "मी सोडून देतो."

"कायले सोडतं? नाजूक तब्येतीची गाडी, दीड-दोनशे किलोमीटर येनं-जानं. नाही," आतून रामराव म्हणाले, आणि नाही म्हणत म्हणतच टोपी घालून मागच्या सीटवर जाऊन बसले.

पांढरकवड्यापुढं महामार्ग लागला. फकिराला गाडीत झोप आली. वळणावर त्याचं डोकं हळूच आयुषच्या खांद्याशी यायचं, परत जायचं. पैनगंगेचा पूल आला तेव्हा तो जागा झाला, पटका सोडला, पुन्हा बांधला, परत सोडला.

थावराचं घर तांड्याच्या टोकाला होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालेलं. उरलेल्या डोळ्यानं त्यानं गाडीतून उतरणाऱ्या माणसाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोन हाये?"

"काना झाला का रे?" फकिरा म्हणाला. एकोणीस वर्षांनंतर त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

थावरा खाटेवर थोडा सरकला आणि हातानं शेजारची जागा थोपटली. फकिरा बसला. थावराची बायको जमनी चहा घेऊन आली, तिनं दिराला पाहिलं आणि कपबशी तशीच हातात धरून रडायला लागली. चहा सांडला. कोणी पुसला नाही.

जेवण होईतो दोघांनी आईचं, मेलेल्यांचं, पोरांचं सगळं बोलून घेतलं. भाकरीचा शेवटचा तुकडा मोडताना फकिरा म्हणाला, "पन बैल काना नोहता."

"डावा डोया गेला होता त्याचा."

"उजव्या डोयात फूल होतं. थे बी लहान."

"भिया, म्या सोता बोट फिरवलं होतं डोयापुढं!"

आवाज चढले. आयुषनं ताट बाजूला सारलं. जमनी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "आता अठी बैल आनू का मी?" ती कडाडली. "ज्यानं घेतला थो सोमाजी जिता हाये ना केळापूरले! त्याले इचारा, अन् मंग मरा!"

एकोणीस वर्षांत हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. थावरानं पट्टी नीट केली आणि खाटेखालचे जोडे पायांनी चाचपू लागला. फकिरानं काठी उचलली. जमनी आत जाऊन लुगडं बदलून आली, कारण एवढं झाल्यावर घरी बसणं तिला शक्य नव्हतं.

अशी पाच माणसं गाडीत बसली. मागं दोन भाऊ आणि मध्ये जमनी, पुढं रामराव. गाडी आणखी एक बोट खाली गेली. आयुषनं उतरून चाकाच्या वर बोट घालून पाहिलं, टायर पत्र्याला लागत नव्हता. त्यानं दार लावलं आणि गाडी केळापूरकडं वळवली. मागून जमनीनं बांगड्या वाजवत त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"हळू चालव रे पोरा. पन लवकर चाल. सोमाजी दुपारी झोपते."